रेघ आणि शाई

भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की आपल्याकडे एक शब्द फार स्वस्त होतो. क्षमा. पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा आणि शेवटी क्षमावाणी. त्या दिवशी सकाळपासून मोबाईल वाजत राहतो. तेच कमळाचं चित्र, तोच मजकूर, 'कळत नकळत मन दुखावलं असल्यास...' मी त्याला नावं ठेवत नाही. वर्षातून एकदा का होईना, माणूस मान खाली घालतो, हे काही कमी नाही. पण मला वाटतं, नकळत दुखावलेल्या मनाचा प्रश्न तसा सोपाच असतो. कळून सवरून केलेल्या गोष्टीचं काय? आणि नुसतं मन दुखावलं नसेल, हातातलं काही कायमचं गेलं असेल, तर? तिथे 'क्षमा केली' म्हणणारी बाई नेमकं काय करते? झालेलं झालंच नाही, असं म्हणते का?

या प्रश्नावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली. थोडा उजेड पडला तो मात्र एका लिनोच्या तुकड्यावर.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात बेळगावातल्या एका चित्रकारांनी त्यांच्या घरच्या हॉलमध्ये दहा दिवसांचं शिबिर घेतलं. लिनो छापचित्रांचं. आम्ही सात जण होतो. दहावीची परीक्षा दिलेली एक मुलगी, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, दोन शाळांतल्या चित्रकलेच्या बाई, आणि आम्ही तिघी घरच्या घरी असणाऱ्या. शेजारच्या काकूंना मी लिनो शिकायला चाललेय म्हटल्यावर त्यांना ते भरतकामच वाटलं. 

लिनो म्हणजे लिनोलियम. खरं तर जमिनीवर अंथरायची वस्तू. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज माणसाने १८६०च्या दशकात ती काढली. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. आपण लसूण-तिखट घालून जिची चटणी करतो, ती जवस. तिचं तेल घट्ट करायचं, त्यात राळ, बुचाच्या झाडाच्या सालीचा आणि लाकडाचा भुसा मिसळायचा आणि तो लगदा तागाच्या कापडावर थापायचा. सवयीप्रमाणे मी आधी विचारून घेतलं, की यात सरस वगैरे काही नाही ना. सर हसले. म्हणाले, "काकू, सगळं शेतातलं आणि झाडावरचं आहे. शाईतसुद्धा जवसाचंच तेल." मग माझा हात मोकळेपणाने लागला.

छापचित्र म्हणजे काही फार लांबची गोष्ट नाही, हेही तिथेच कळलं. काठी घेऊन ताडताड चाललेल्या गांधीजींचं ते काळं-पांढरं चित्र आपण शाळेपासून पाहत आलो आहोत. दांडीयात्रेच्या वर्षी, १९३० साली, नंदलाल बोस यांनी केलेलं ते लिनोकटच. याच नंदलालांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे आपल्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजवली. त्यात ध्यानस्थ भगवान महावीरांचंही चित्र आहे.

काम करायची रीत साधी आहे. कागदावर चित्र काढायचं आणि कार्बन ठेवून ते लिनोवर उतरवायचं. छापताना डावं ते उजवं होतं, म्हणून आधीच उलटं उतरवायचं. मग लिनो कटरनं खोदायचं. ही कटरं म्हणजे सुताराच्या पटाशीची धाकटी भावंडं. एकाचं तोंड व्हीसारखं, बारीक रेघांसाठी. दुसऱ्याचं यूसारखं, मोठी जागा साफ करायला. लिनो थंड असला की कडक लागतो. थोडा वेळ उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. डावा हात कायम कटरच्या मागे ठेवायचा, पुढे कधीच नाही. मग काचेवर शाई घ्यायची आणि रबरी रोलरनं ती पसरायची. शाई नेमकी किती हवी, ते डोळ्यांपेक्षा कानाला जास्त कळतं. रोलरखालून बारीक चर्र असा आवाज येऊ लागला की झाली. ती लिनोवर फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि लाकडी चमच्याच्या पाठीनं गोल गोल घासायचं. कागद एका कोपऱ्यातून सावकाश उचलायचा.

मी आमच्या स्वयंपाकघरातली कळशी काढली होती, तोंडावर गाळणं बांधलेली. तीन दिवस खोदत होते. त्यात मनात पक्कं बसलं ते एकच. पेन्सिल खोडता येते, रंगावर रंग देता येतो, शिवण उसवता येते. खोदलेलं परत भरता येत नाही. कुणी भरलं तरी ठसा घेताना ती जागा वेगळी उठते.

चौथ्या दिवशी त्या दहावीतल्या मुलीची कटर निसटली. ती बगळा करत होती. मानेतून आरपार एक खाच गेली. पोरगी रडकुंडीला आली. बँकवाले काका म्हणाले, "अगं, तिथं एक फांदी दाखव, कुणाला कळणारसुद्धा नाही." एका बाईंनी तिला 'चुकीतूनच कला जन्मते' वगैरे सांगितलं. सर गप्प होते. मग तिच्या शेजारी बसून म्हणाले, "फांदी कर, चांगली दिसेल. पण ती खाच आहे हे तुला माहीत असू दे. नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा कापायच्या दिशेला मान ठेवशील."

त्यांचं बोलणं मला फार पटलं. आपल्याकडे धीर देण्याची घाई फार. 'झालं गेलं गंगेला मिळालं', 'जे होतं ते चांगल्यासाठीच'. बायकांच्या वाट्याला तर ही वाक्यं जरा जास्तच येतात. फांदी दाखवायला हरकत नाही. पण खाच नव्हतीच, असं कशाला म्हणायचं?

इथे मला माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगायला हवी. त्यांचं माहेर चिकोडीच्या बाजूचं. वडील गेल्यावर भाऊ एक कागद घेऊन आले. सोसायटीच्या कर्जाचा आहे म्हणाले. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी अंगठा दिला. ते होतं हक्कसोड पत्र. बारा-तेरा वर्षांनी ती जमीन विकली गेली, तेव्हा गावातल्या एका बाईच्या तोंडून त्यांना हे समजलं. १९५६चा वारसा कायदा हिंदू नावाचा असला तरी आपल्या जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता बाप गेला, तर त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हे त्यात तेव्हापासूनच आहे. कायदा होता. तो त्यांच्यापर्यंत पोचू दिला नव्हता.

दर क्षमावाणीला भावाचा फोन यायचा. "अक्का, उत्तम क्षमा." घरातली सगळी माणसं कान देऊन बसायची. एकदा त्या म्हणाल्या, "क्षमा केली रे बाबा, माझ्या मनात काय न्हाई. पण त्यो कागुद खोटा हुता, ह्ये बी ध्यानात ठेव." पलीकडे शांत. आमच्या घरी मात्र त्यावरून बराच वाद झाला. एका नातेवाईक बाईंचं म्हणणं, "क्षमा केली म्हणायचं आणि कागद पण काढायचा, ही कसली क्षमा? खरी क्षमा म्हणजे विसरणं."

हाच तर प्रश्न. विसरणं म्हणजे क्षमा का?

आपल्या शास्त्रांत रागाला एक सुंदर उपमा दिली आहे, रेघेची. नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या गोम्मटसारात ती येते. काही राग दगडावरच्या रेघेसारखे असतात, काही जमिनीला पडलेल्या भेगेसारखे, काही धुळीत ओढलेल्या रेघेसारखे आणि काही पाण्यावरच्या रेघेसारखे. दगडावरची रेघ नरकाकडे नेते, पाण्यावरची देवगतीकडे. ही उपमा आपण पाठशाळेपासून ऐकतो, आणि तिचा अर्थ सरसकट असा लावतो, की झालेला अन्याय पाण्यावरच्या रेघेसारखा समजावा.

पण ही रेघ कशाची आहे, ते नीट पाहायला हवं. ती क्रोधाची आहे. समोरच्याने केलेल्या कृत्याची नाही. पाण्यावर लिहायचं ते आपल्या रागाला. खोट्या कागदाला पाण्यावर लिहा, असं नेमिचंद्रांनी कुठेच म्हटलेलं नाही. रेघा दोन आहेत. एक जगात पडलेली, घडून गेलेल्या गोष्टीची. दुसरी आपल्या आत पडणारी, रागाची. पहिली दगडावरचीच राहणार. तीर्थंकरांनाही घडलेलं न घडलेलं करता येत नाही. दुसरीचं काय करायचं, ते मात्र आपल्या हातात आहे. सगळा गोंधळ होतो तो दोन्ही रेघा एकच समजल्यामुळे. मग ज्यांना राग सोडवत नाही, ते म्हणतात, अन्याय खरा आहे ना, मग राग कसा सोडू? आणि ज्यांना दुसऱ्याने राग सोडावा असं वाटतं, ते म्हणतात, राग सोडलास ना, मग अन्यायाचं नाव कशाला काढतेस? दोघांची चूक एकच.

शिबिरात सरांनी एकदा फळीवरून वीसेक वर्षांपूर्वीचा एक जुना लिनो काढला. धूळ बसलेली, कडा तुटलेल्या. पुसून शाई लावली आणि ठसा काढला. काल खोदल्यासारखा लख्ख. आम्ही बघतच राहिलो. खाच वीस वर्षांत तसूभरही बुजली नव्हती. पण हेही खरं, की वीस वर्षांत तिनं एकही ठसा उमटवला नव्हता. ठसा उमटायला खाच पुरत नाही. ताजी शाई लागते, कोरा कागद लागतो, आणि वरून दाब लागतो. तिन्ही गोष्टी कुणीतरी आज, आत्ता कराव्या लागतात.

आपल्या ओळखीतली अशी एखादी बाई आठवून बघा, जिच्यावर चाळीस वर्षांपूर्वी अन्याय झाला. आलेल्या प्रत्येकीला ती तोच ठसा काढून देते, आणि दर वेळी शाई ताजी असते. तिच्यावर अन्याय झाला, यात शंका नाही. खाच दुसऱ्याने पाडली. शाई मात्र तिची स्वतःची खर्च होते आहे.

आणखी एक गोष्ट. लिनोत शाई खाचेला लागत नाही. खाच पांढरीच राहते. शाई लागते ती न कापलेल्या, शाबूत राहिलेल्या भागाला. रागाचंही तसंच असतं, नाही का? जखमेचं त्याने काही होत नाही. धड राहिलेलं जे जे आहे, नातवंडांशी बोलणं, सणाचा स्वयंपाक, रात्रीची झोप, ते सगळं काळं होतं.

आता यावर कुणी म्हणेल, की अशी क्षमा म्हणजे समोरच्याला मोकळं सोडणंच झालं. इतर काही धर्मांत तसं म्हणता येईल, जिथे वर बसून माफ करणारा कुणी आहे. आपल्या दर्शनात असा कुणी नाही. ज्याचं कर्म त्याच्यापाशी. मी क्षमा केली म्हणून त्याच्या कर्माचा एक कणही झडत नाही. त्याची निर्जरा त्यालाच करावी लागते. 'तू माफ केलंस म्हणजे तो सुटला' हे आपल्याच सिद्धांतात बसत नाही. माझ्या क्षमेने थांबतो तो माझा बंध. म्हणूनच ती कुणाच्या माफीनाम्याची वाट न पाहता करता येते. त्या भावाने शेवटपर्यंत कागदाबद्दल एक शब्द काढला नाही. सासूबाईंचं त्यावाचून काही अडलं नाही.

क्षमेचा आणि त्यागाचाही असाच घोळ घातला जातो. सासूबाईंना पुष्कळांनी ऐकवलं, "बाहुबलींनी तर सगळं राज्य सोडलं, तुम्ही दोन एकर धरून काय बसलाय?" बाहुबली आम्हाला जवळचे. श्रवणबेळगोळची ती सुमारे ५७ फुटांची मूर्ती चामुंडरायांनी करवली. तिच्या पायथ्याशी तसं सांगणारी मराठी अक्षरंही आहेत. याच चामुंडरायांसाठी नेमिचंद्रांनी गोम्मटसार रचला. रेघेची ती उपमा आणि ही मूर्ती एकाच काळातली, एकाच माणसाभोवतीची. मूर्तीसुद्धा दगडात काही घालून झाली नाही, काढून काढून झाली. पण बाहुबलींची कथा नीट आठवा. भरताशी झालेल्या तिन्ही युद्धांत ते जिंकले होते. राज्य त्यांच्या मुठीत होतं. ते मुठीत असताना, ते काय आहे हे पुरतं कळत असताना त्यांनी सोडलं. त्यांच्याकडून कुणी झोपेत अंगठा घेतला नव्हता. जे आपलं आहे हे आपल्याला कळूच दिलं नाही, त्याचा आपण त्याग कसा करणार? अपरिग्रह हे माझं व्रत असू शकतं. ते माझ्या वतीने दुसऱ्याने घ्यायचं नसतं.

म्हणजे आता त्या कागदाचं नावच काढायचं नाही का? तसंही नाही. छापचित्रकारांची एक रीत आहे. किती प्रती काढायच्या ते ते आधी ठरवतात. पंधरा म्हटल्या तर पंधरा. प्रत्येकीखाली पेन्सिलने आकडा घालतात, ३/१५, ४/१५, आणि सही करतात. पंधरावी निघाली की लिनोवर एक आडवी रेघ मारून तो रद्द करतात. म्हणजे घेणाऱ्याला खात्री की याच्या आणखी प्रती निघणार नाहीत. आकडा घातलेली प्रत जपली जाते. वाटेल तितकी छापलेली गोष्ट रद्दीत जाते.

सासूबाईंनी ही रीत कधी ऐकली नव्हती. पण त्या अशाच वागत. आल्यागेल्याकडे त्या कागदाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. घरातली एखादी मुलगी अठरा वर्षांची झाली की मात्र तिला जवळ बसवायच्या. माझ्या मुलीला बसवलं, तेव्हा मी तिथे होते. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा तिच्यापुढे धरला आणि झालेलं सगळं सांगितलं, न वाढवता, न रडता. शेवटी म्हणाल्या, "वाचल्याबिगर सही करू नको बाई. भाऊ असू दे, न्हवरा असू दे. इश्वास ठेव, पन वाचून ठेव." बस. घरातल्या सात मुलींना अशा सात प्रती मिळाल्या. त्यांतली एकही रद्दीत गेली नाही. भावाबद्दल वाईट शब्द त्यात नव्हता. कागदाबद्दल खोटा शब्दही नव्हता.

ही क्षमा आणि विसरणं यांत किती अंतर आहे! विसरणाऱ्या बाईकडून पुढच्या मुलीला काहीच मिळत नाही. चिडत राहणाऱ्या बाईकडून मिळते ती नुसती शाई. राग उतरल्यावर जे उरतं, ते स्वच्छ आणि खरं असतं. तेच दुसऱ्याच्या उपयोगी पडतं. साक्ष द्यायला राग लागत नाही, डोळे लागतात. हक्कासाठी कचेरीत अर्ज करायलासुद्धा राग लागत नाही. कागदपत्र लागतात, चिकाटी लागते. क्षमा केलेल्या बाईनेही आपला वाटा मागावा. त्यात विसंगती काहीच नाही. भावाला तिने क्षमा केली आहे, कागदाला नाही.

हे लिहिताना मला जाणवतं, की हे सांगायला सोपं आहे. कागदावरचा ठसा आणि मनातला ठसा सारखा नसतो. मनात शाई कधी लावली गेली, ते कळतही नाही. काही अन्याय असे असतात, की खाच पाडणारा हात अजून थांबलेला नसतो. तिथे क्षमेची भाषा बोलण्याआधी त्या हातापासून दूर व्हायला हवं. डावा हात कटरच्या पुढे ठेवून कुणी शहाणं होत नाही. अशा बाईला 'क्षमा कर' म्हणणाऱ्यांनी आधी ते कटर काढून घ्यावं.

पण जिथे हात थांबला आहे, वर्षं गेली आहेत आणि खाच तेवढी उरली आहे, तिथे तरी आपण एकमेकींना खोटा धीर देऊ नये. 'विसर' म्हणू नये. 'काही झालंच नाही' तर मुळीच म्हणू नये. विचारायचं ते एवढंच: आज पुन्हा शाई लावायची आहे का, आणि लावायची असेल तर ही प्रत कुणासाठी?